‘मोठ्या डोक्याची मुंगी’ म्हणजे नेमकी कोणती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केनियात एका इवल्याशा मुंगीने सिंहांची शिकार बदलून टाकली, ही गोष्ट जानेवारी २०२४ पासून जगभर सांगितली जाते. ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला तो अभ्यास भक्कम आहे, त्याविषयी तक्रार नाही. तक्रार नावाची आहे. मजकुरात ‘मोठ्या डोक्याची मुंगी’ एवढेच येते आणि वाचकाचा समज होतो, की मुंगीचे डोके मोठे दिसले की ती हीच, आणि ही दिसली की मारायची. या वर्णनात बसणाऱ्या मुंग्यांच्या हजाराहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या एकीचे पाप सगळ्यांच्या माथी मारले जाते आहे.

त्या एकीबद्दल आधी थोडक्यात. फायडोले मेगॅसेफाला हे तिचे शास्त्रीय नाव. फॅब्रिशियसने १७९३ मध्ये मॉरिशसच्या नमुन्यांवरून तिचे वर्णन केले. मूळ घर आफ्रिकेत किंवा तिच्या लगतच्या बेटांवर मानतात. बोटीतल्या मालाबरोबर, कुंड्यांतल्या मातीबरोबर ती सगळ्या उष्ण कटिबंधात पसरली, आणि जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक जातींच्या यादीत तिचा समावेश झाला. केनियात लायकिपियाच्या माळावर एक बाभूळ आहे. तिचे काही काटे बुडाशी फुगीर आणि पोकळ असतात. त्यांना भोके पडलेली असल्यामुळे वारा सुटला की शीळ ऐकू येते. या पोकळ काट्यांत क्रेमॅटोगॅस्टर मुंग्या राहतात. हत्तीने फांदीला सोंड लावली, की त्या सोंडेत शिरून चावे घेतात आणि हत्ती झाड सोडून देतो. मेगॅसेफाला आली, तिने या मुंग्या आणि त्यांच्या अळ्या फस्त केल्या. पण झाडाची राखण काही केली नाही. हत्ती ५ ते ७ पट अधिक झाडे मोडू लागले, माळ उघडा पडला आणि सिंहांना दबा धरायला आडोसा उरला नाही. २००३ मध्ये सिंहांच्या शिकारीत झेब्रे ६७ टक्के होते, २०२० मध्ये ते ४२ टक्क्यांवर आले, आणि पूर्वी शिकारीत नसलेली रानम्हैस तितक्याच, म्हणजे ४२ टक्क्यांवर पोहोचली. सिंहांची संख्या मात्र घटली नाही. सांगताना हे शेवटचे वाक्य बहुतेक वेळा गळते.

आता मराठीतला एक घोळ. मराठी जीवशास्त्राच्या परिभाषेत ‘प्रजाती’ म्हणजे जीनस आणि ‘जाती’ म्हणजे स्पीशीज. हिंदीत ‘प्रजाति’ म्हणजे स्पीशीज. मजकूर हिंदीच्या वाटेने आला की ‘मुंगीची नवी प्रजाती सापडली’ असे छापून येते. वाचणाऱ्याला वाटते एक अख्खे घराणे सापडले, आणि सापडलेली असते एक जाती. फायडोले ही प्रजाती आहे. वेस्टवूडने १८३९ मध्ये तिला हे नाव दिले. ते ग्रीक शब्दावरून आले आहे आणि त्याचा अर्थ काटकसरी असा आहे. यातल्या बऱ्याच जाती गवताचे बी गोळा करून वारुळात साठवतात, त्यांना ते शोभतेही. मुंग्यांच्या सगळ्या प्रजातींत हिच्यात सर्वाधिक जाती आहेत. अमेरिकी मुंगीतज्ज्ञ ई. ओ. विल्सन यांनी २००३ मध्ये फक्त अमेरिका खंडांतल्या फायडोलेंवर ग्रंथ काढला, त्यात ६२४ जाती आहेत. त्यांतल्या ३३७ तोवर कोणी वर्णन न केलेल्या. पाच हजारांवर आकृत्या त्यांनी स्वतः काढल्या. या शेकड्यांनी असलेल्या जातींपैकी बहुतेकींबद्दल आज एका पानात मावेल एवढीच माहिती आहे: कुठे मिळाली, कशात राहते, डोके किती रुंद.

तरी काहींची थोडी अधिक ओळख झाली आहे. त्यांतली एक मुद्दाम इथे मांडतो, कारण ती मेगॅसेफालाच्या अगदी उलट वागते. फायडोले बायकॉर्निस असे तिचे नाव. बायकॉर्निस म्हणजे दोन शिंगांची. ऑगस्त फोरेल या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १८९९ मध्ये तिचे वर्णन केले. हेच फोरेल १८९२ ते १९०३ या काळात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात भारत आणि श्रीलंकेतल्या मुंग्यांवर फ्रेंचमध्ये लेखमाला लिहीत होते. आपल्याकडच्या अनेक फायडोलेंची पहिली वर्णने त्याच लेखमालेत आहेत.

बायकॉर्निस कोस्टारिकाच्या ओल्या जंगलात पायपर सेनोक्लॅडम नावाच्या झुडपात आणि त्याच्या काही भाऊबंदांत राहते. पायपर म्हणजे आपल्या मिरीची, पिंपळीची आणि नागवेलीची प्रजाती. हे झुडूप मोठ्या झाडांच्या दाट सावलीत वाढते. पानाच्या देठाच्या दोन्ही कडा बुडाशी वर वळून एकमेकींना भिडतात आणि आत एक लांबट नळी तयार होते. हे मुंगीचे घर. देठातून पुढे ती खोडात शिरते. खोडाचा गाभा मऊ पण भरीव असतो, तो मुंग्या कुरतडून पोकळ करतात.

खरी गंमत नळीच्या आत आहे. नख लावून देठाच्या कडा उलगडल्या, की आतल्या पृष्ठभागावर खसखशीहून बारीक, दुधी चमकीचे मणी चिकटलेले दिसतात, आणि त्यांतून वाट काढत पिवळट-तपकिरी कामकरी मुंग्या पांढऱ्या अळ्या तोंडात धरून अंधाराकडे पळतात. ते मणी झाडाने मुंग्यांसाठी केलेले अन्न आहे. एकेक मणी म्हणजे एकच पेशी, स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने यांनी भरलेली. रिश आणि रिकसन यांनी १९८१ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले, की देठात मुंगी नसेल तर झाड हे मणी जवळपास करतच नाही. मुंगी राहायला आली की काम सुरू, मुंग्या काढल्या की थोड्याच काळात बंद. मुंग्यांना खाऊ घालणारी इतर झाडे मुंगी असो-नसो, खाऊ तयार करीत राहतात. हे झुडूप पाहुणा आल्याखेरीज चूल पेटवत नाही.

त्या बदल्यात मुंगी काय करते? चावणारी, अंगावर येणारी ही मुंगी नाही. फांदी हलवली तर बहुतेक मुंग्या आत जाऊन बसतात. पानावर कोणी अंडी घातली, की कामकरी ती उचलून नेतात. वर पडलेला कचरा काढतात. आधाराला आलेल्या वेलीचे कोवळे टोक कुरतडून टाकतात. खोड पोखरणाऱ्या सोंड्यांचा त्रास मुंग्या असलेल्या झुडपांना कमी होतो, आणि सोंड्याने केलेल्या भोकातून शिरणारी बुरशीही त्यामुळे टळते. मुंग्यांच्या घाणीतला थोडा नायट्रोजनही झाडाला मिळतो, पण झाडाच्या एकूण गरजेपुढे तो किरकोळ आहे. राखण हाच मोबदला.

मुंग्या नसतील तर झाड दुसरे शस्त्र काढते. मुंगीविना वाढणाऱ्या सेनोक्लॅडमच्या पानांत अमाइड गटातली कडू-तिखट द्रव्ये कितीतरी अधिक सापडतात. मिरीचा तिखटपणा ज्या पायपरीनमुळे असतो, तेही अमाइडच. पहारेकरी ठेवायचा की विष बनवायचे, दोन्हींना खर्च आहे आणि सावलीतल्या झाडाच्या हाती भांडवल थोडे असते.

या व्यवस्थेला एक चोरही लागला आहे. क्लेरिडी कुळातल्या टार्सोबीनस या भुंगेऱ्याची अळी देठात शिरते, मुंग्यांची पिल्ले खाते, आणि झाड तिच्यासाठीही मणी करत राहते. झाडाला पाहुण्यातला फरक कळत नाही. डेबोरा लेटूर्नो यांनी १९९० मध्ये ‘सायन्स’मध्ये हे मांडले. पुढे १९९९ मध्ये डायर आणि लेटूर्नो यांनी काही झुडपांत हे भुंगेरे मुद्दाम वाढवून पाहिले. मुंग्या घटल्या, पाने खाणारे किडे वाढले, पानांचे क्षेत्र घटले. हजारो जातींच्या जंगलात एक शिकारी वाढला की त्याचा धक्का पार झाडापर्यंत जातो, हे इथे स्वच्छ मोजता आले, कारण सगळा संसार एका देठात आहे आणि देठ उघडून मोजता येतो. म्हणजे केनियातला हत्ती-सिंहांचा धडा जवळजवळ पंचवीस वर्षे आधी याच प्रजातीच्या एका अनोळखी मुंगीने शिकवला होता. त्याची बातमी झाली नाही, बहुधा त्यात सिंह नव्हता म्हणून.

आणखी एक नाव जाता जाता. कोस्टारिकातल्याच ला सेल्वा या संशोधन केंद्रात मिळालेल्या फायडोले नॅसुटॉइडिस या जातीचे वर्णन होल्डोब्लर आणि विल्सन यांनी १९९२ मध्ये केले. घरट्याला धक्का लागला की तिचे शिपाई सैरभैर धावतात आणि त्या क्षणी ते सोंडवाल्या वाळवीच्या शिपायांसारखे दिसतात. ही वाळवी चिकट, उग्र रसायन फवारते आणि पुष्कळ प्राणी तिला टाळतात. ही नक्कल असावी, असा दोघांचा तर्क आहे.

आता छायाचित्रांबद्दल. मोठ्या डोक्याच्या मुंगीखाली ‘राणी’ असे लिहिलेले अनेकदा दिसते. ती राणी नसते, शिपाई असते. फायडोलेच्या वारुळात कामकऱ्यांचे दोन ठळक प्रकार असतात, मधले आकार सहसा नसतात. लहान कामकरी साधारण २ मिमी, तिचे डोके अंगाच्या मानाने बेताचे. शिपाई ३ ते ४ मिमी, तिचे डोके मात्र हृदयाच्या आकाराचे आणि इतके जड, की चालताना ते पुढे झुकते. डोक्यात मेंदूपेक्षा जबड्याचे स्नायूच जागा खातात. बी फोडणे आणि शत्रूचे पाय तोडणे, ही या शिपायाची कामे. दोघींनाही अंडाशय नसते, म्हणजे राणी मेली तरी कामकरी कधी अंडी घालू शकत नाही. मुंग्यांच्या इतर अनेक प्रजातींत ती घालते. राणी ओळखायची ती डोक्यावरून नव्हे, पाठीवरून: तिचे वक्ष फुगीर असते आणि पंख गळून गेल्याच्या खुणा त्यावर दिसतात.

शिपाई आणि कामकरी एकाच राणीच्या मुली. फरक पडतो तो अळीच्या शेवटच्या अवस्थेत, खाणे आणि ज्युव्हेनाइल हॉर्मोन, म्हणजे अळीची वाढ ठरवणारे संप्रेरक, यांमुळे. शिपाई होणाऱ्या अळीत पुढच्या पंखांच्या पेशींची चकती काही काळ वाढते आणि मग नाश पावते. पंख कधीच फुटत नाहीत. मॅकगिल विद्यापीठात एहाब अबुहेफ यांच्या प्रयोगशाळेने २०१८ मध्ये दाखवले, की ही चकती वाढू दिली नाही तर डोकेही पुरेसे मोठे होत नाही. न फुटणाऱ्या पंखावर डोक्याचा आकार ठरतो! त्याआधी २०१२ मध्ये याच गटाने मेथोप्रीनचा, म्हणजे त्या हॉर्मोनसारखे काम करणाऱ्या रसायनाचा, अंश अळ्यांना लावून फायडोले मॉरिसाय या जातीत महाशिपाई, म्हणजे शिपायांहूनही मोठे शिपाई, घडवले; तिच्यात ते एरवी नसतात. हेच मेथोप्रीन मुंग्यांच्या आमिषात औषध म्हणूनही वापरतात.

शिपाई एरवी पिल्लांकडे ढुंकूनही बघत नाही. पण विल्सन यांनी १९८४ मध्ये लहान कामकरी काढून घेत घेत पाहिले: दर शिपायामागे एकापेक्षा कमी कामकरी उरली की शिपाई तासाभरातच अळ्या चाटू लागते. म्हणून घरी डबीत पाळलेल्या मोजक्या मुंग्यांवरून ‘शिपाई पिल्ले सांभाळते’ असे लिहू नये. ते गर्दी कमी झाल्यामुळे घडते.

ओळख पटवण्याच्या कामाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण चुका इथेच होतात. फोटो काढून जाती सांगा, असे विचारणारे बरेच असतात. नुसत्या लहान कामकरीच्या फोटोवरून फायडोलेची जाती सांगता येत नाही. बहुतेक किल्ल्या, म्हणजे ओळखीचे तक्ते, शिपायावर बेतलेले आहेत. आणि शिपाई सहसा बाहेर फिरत नाही.

तिला बाहेर काढायला आमिष लागते. पाच सेंमी बाजूचा पांढरा कागद सावलीत, जमिनीला टेकवून ठेवा. त्यावर बिस्किटाचा चिमूटभर चुरा किंवा तेलातल्या डबाबंद माशाचा हरभऱ्याएवढा तुकडा. दर १० मिनिटांनी बघा. आधी एकदोन कामकरी येतात, परत जातात, मग रांग लागते, आणि तुकडा मोठा असेल तर अर्ध्या ते एका तासात शिपाई येऊन तो तोडायला लागते. उन्हात ठेवलेला कागद रिकामाच राहतो. तासाभराहून जास्त थांबलात तर दुसऱ्या दांडग्या जातीने आमिष बळकावलेले असते आणि तुम्ही भलतीच मुंगी गोळा करता. रांगेच्या मागे जाऊन वारूळ गाठणे हा खात्रीचा मार्ग. एकाच वारुळातल्या निदान १० कामकरी आणि ५ शिपाई घ्या. एका दगडाखालची कामकरी आणि दुसऱ्या दगडाखालची शिपाई एका कुपीत टाकली, तर अस्तित्वात नसलेली जाती जन्माला येते. संग्रहालयांत असे जोड नमुने आहेत आणि ते सोडवायला वर्षे जातात.

मुंगी चिमट्याने धरू नका, कंबर तुटते. बारीक कुंचला मद्यार्कात बुडवून तिला टेकवला की ती चिकटून येते. मद्यार्क ९५ टक्के असावा; नुसता आकार बघायचा असेल तर ७० ते ७५ टक्के चालतो, डीएनए हवा असेल तर नाही. कुपीत मुंग्यांनी दहाव्या हिश्शाहून अधिक जागा व्यापू नये, आणि दुसऱ्या दिवशी मद्यार्क एकदा बदलावा, कारण त्यांच्या अंगातले पाणी त्यात उतरून तो पातळ होतो. फॉर्मॅलिन नको, त्याने डीएनए बिघडते. हात धुण्याची जेलही नको, घट्टपणासाठी घातलेले पदार्थ अंगावर थर धरतात. कापसाचा बोळाही घालू नका. पाय आणि शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, त्याच्या धाग्यांत गुंतून मोडतात.

चिठ्ठी कुपीच्या आत, शिसपेन्सिलने लिहिलेली. बॉलपेनची शाई मद्यार्कात विरघळते आणि महिन्याभराने हातात निळे पाणी उरते. त्यावर जागेचे अक्षांश-रेखांश दशांशानंतर चार स्थळांपर्यंत लिहा. एवढ्याने जागा साधारण ११ मीटरच्या आत येते. उंची, वारूळ कशात होते ते, तारीख, आणि गोळा करणाऱ्याचे नाव. महिना अक्षरांत लिहा. ‘५-६’ म्हणजे पाच जून की सहा मे, यावर वाद घालण्यात कोणाचा तरी दिवस जातो.

वाळवून ठेवायच्या मुंगीला टाचणी थेट टोचत नाहीत, ती फुटेल. जाड कागदाचा ८ मिमी लांब, बुडाशी २ मिमी रुंद त्रिकोण कापून बुडात टाचणी घालतात आणि टोकावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा सुईच्या अग्राएवढा थेंब लावून मुंगी पोटाकडून चिकटवतात, मधल्या आणि मागच्या पायांच्या बुंध्यांमध्ये. डिंक जास्त झाला की तो कंबरेच्या मण्यांवर, म्हणजे तिथल्या दोन गाठींवर, पसरतो, आणि मेगॅसेफाला ओळखण्याची खूण नेमकी तिथेच असते.

आता सूक्ष्मदर्शकाखाली, ४० ते ६० पट. आधी शृंगिकेचे सांधे मोजा. बुडाचा लांब दांडा हा पहिला धरायचा. फायडोलेत एकूण १२ आणि टोकाचे तीन फुगून गदा झालेली. आग्या मुंगी म्हणजे सोलेनॉप्सिसला १० सांधे आणि गदा दोनाची. मोनोमोरियमलाही तीनाची गदा असते, पण तिच्या वक्षाच्या मागच्या टोकावर काटे नसतात. फायडोलेला सहसा छोटा का होईना, काट्यांचा जोड असतो. सगळ्यांत फसवते ती कॅरेबारा डायव्हर्सा, पूर्वीचे नाव फायडोलोजेटॉन, म्हणजे शब्दशः ‘फायडोलेची शेजारीण’. तिच्यातही मोठ्या डोक्याच्या मुंग्या असतात, पण सर्वांत लहानीपासून सर्वांत मोठीपर्यंत मधले सगळे आकार रांगेत दिसतात, आणि शृंगिकेला ११ सांधे, गदा दोनाची. रांगेत मधले आकार दिसले, तर ती फायडोले नसण्याचीच शक्यता मोठी.

फायडोले ठरली. मग मेगॅसेफाला की दुसरी? शिपायाचे डोके समोरून पाहा: पुढच्या अर्ध्या भागावर बारीक रेघा, मागचा अर्धा गुळगुळीत आणि चकचकीत. मग बाजूने कंबर पाहा. कंबरेला दोन मणी असतात. मेगॅसेफालाचा मागचा मणी चांगला फुगलेला असतो आणि त्याच्या खालच्या बाजूलाही फुगवटा दिसतो. हा फुगवटा लहान कामकरीतही दिसतो, त्यामुळे शिपाई मिळाला नाही तरी मेगॅसेफालाचा संशय घेता येतो किंवा फेटाळता येतो. प्रकाश थेट टाकला तर चकाकीत रेघा बुडतात. दिवा आणि मुंगी यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपरची पट्टी धरली की कोरीवकाम उठून दिसते. डोक्याची रुंदी मोजताना डोळे धरू नका. आणि डोके अगदी समोर, सपाट हवे. थोडे कलले तरी लांबी कमी भरते आणि तक्त्यात तुम्ही चुकीच्या फांदीवर जाता.

सूक्ष्मदर्शक नसेल तर वागणुकीवरून अंदाज येतो, खात्री नाही. मेगॅसेफालाच्या वारुळात पुष्कळ राण्या असतात, एका वारुळातली मुंगी शेजारच्यात गेली तरी भांडण होत नाही, आणि शंभर पावले चालूनही दुसरी कुठलीच मुंगी आमिषावर येत नाही. त्या मातीच्या कणांनी झाकलेल्या वाटाही बांधतात. त्या वाळवीच्या वाटांसारख्या दिसत असल्यामुळे वाळवीचे औषध मारणारे पुष्कळ.

खरोखर मेगॅसेफालाच निघाली, तरी फवारणीने ती जात नाही. फवाऱ्याने मरतात त्या फक्त बाहेर फिरणाऱ्या. राण्या खाली असतात, अंडी चालू राहतात, आणि काही आठवड्यांत संख्या पूर्ववत होते. लागते ते सावकाश मारणारे आमिष: मक्याच्या भरडीत सोयाबीन तेल आणि त्यात हायड्रामिथिलनॉनसारखे औषध. सावकाश का, तर प्रौढ मुंगी घन पदार्थ गिळू शकत नाही. तेल एकीच्या तोंडातून दुसरीच्या तोंडात जाते, दाणा अळ्यांकडे जातो, अळ्यांकडून पातळ होऊन परत येतो आणि मग राणीपर्यंत पोहोचतो. वाहक वाटेतच मेली तर साखळी तुटते. हे औषध उन्हात लवकर विघटित होते, म्हणून संध्याकाळी पसरावे, जमीन कोरडी असताना, आणि पुढचे २४ तास पाऊस नसावा. पुडा फोडून ठेवला की तेल खवट होते आणि मुंग्या तोंड लावत नाहीत. आधी चिमूटभर टाकून अर्ध्या तासात मुंग्या दाणे उचलतात का ते पाहा. त्याच जागी फवारा मारला असेल तर आमिष वाया गेले. प्रमाण वेष्टनावर लिहिलेलेच ठेवायचे, दुप्पट टाकल्याने काम दुप्पट वेगाने होत नाही. ऑस्ट्रेलियात काकाडू राष्ट्रीय उद्यानातून ही मुंगी आमिषानेच संपवली, पण त्याआधी तिची सीमा पायी चालून आखून घेतली होती. एक कोपरा सुटला तरी तिथल्या राण्या सगळे पुन्हा भरून काढतात. त्यानंतर निदान दोन वर्षे पाहणी करावी लागते.

आणि ती मेगॅसेफाला नसेल, तर हेच आमिष स्थानिक फायडोले तितक्याच आवडीने खातात आणि मरतात. रिकामी झालेली जागा घ्यायला सर्वांत आधी कोण येते, हे बंदरे आणि रोपवाटिका असलेल्या प्रत्येक ठिकाणी पाहायला मिळते.

तेव्हा विनंती एवढीच. मुंगीविषयी मजकूर छापताना पूर्ण शास्त्रीय नाव देवनागरीत द्यावे. नुसते ‘फायडोले’ लिहिणे म्हणजे नुसते आडनाव लिहिण्यासारखे आहे. नाव ठाऊक नसेल तर ‘फायडोलेची एक जाती’ असे लिहावे, ‘प्रजाती’ नव्हे. छायाचित्र शिपायाचे असेल तर त्याखाली शिपाई लिहावे, आणि शक्य असेल तेव्हा शेजारी त्याच वारुळातली लहान कामकरी, बाजूने घेतलेली, कंबरेचे दोन्ही मणी दिसतील अशी.

आपले,
मुंग्यांच्या वर्गीकरणाचे काम करणारे काही वाचक